नायक खाकरतो, असं छापलेलं नाही

४ जून

विहीणबाईंना दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत नमस्कार,

मे महिन्याचा अंक सोबत पाठवतो आहे. ठरल्याप्रमाणे प्रेमकथा मी उरकली, रहस्यकथा तुमच्यासाठी तशीच ठेवली. मुलांच्या लग्नाच्या दिवशी सगळे फोटोसाठी उभे असताना आपण दोघं दोन कोपऱ्यांत एकाच मासिकाचे दोन अंक वाचताना सापडलो, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "दोन घरांत दोन अंक कशाला? माझी मुलगी तुमच्या घरी आली, आता तुमचा अंक माझ्या घरी येऊ दे." तेवढा एक व्यवहार आपल्या दोन घरांत कुरकुरीविना चालला आहे.

या वेळचं प्रकरण काय सांगू! पूल बांधायला आलेला तो इंजिनियर अखेर टपाल कचेरीतल्या तिच्या खिडकीपुढे उभा राहिला. "तुमच्याशिवाय मला करमत नाही." एवढं एकच वाक्य. पण म्हणताना खाकरतो किती! खाकरतो, थांबतो, पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतो. माझा तर जीव भरून आला. नाहीतर तुमच्या रहस्यकथा! माणूस मरून पडला तरी कोणाचा घसा दाटत नाही. सगळे घड्याळं बघतात. साडेआठला तुम्ही कुठे होतात, पावणेनऊला कुठे होतात. अहो, आधी घटकाभर रडा तरी!

एक अपराध कबूल करतो. अंकाच्या शेवटाकडे एक कविता दिसली, ती कापून माझ्या वहीत चिकटवली. राग मानू नका. आमचे पाचवीचे गुरुजी म्हणायचे, "कविता लांबूनही ओळखू यावी. दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून जी पानाच्या मधून चालते, ती कविता." ते फळ्यावर लिहायचे तेव्हा खिडकीतून येणाऱ्या उन्हात खडूची धूळ तरंगायची. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, पण तसं अक्षर मला साधलं नाही. असो. म्हातारा भरकटतो.

सूनबाई आणि चिरंजीव खुशाल.

तुमचा व्याही


११ जून

व्याहीबुवा,

नमस्कार मागाहून. आधी खिडकीचं बोला.

पान त्रेचाळीसला तुम्ही खिडकी पाडली आहे. आठ महिने मी जी गोष्ट वाचते आहे, आरोग्यधामाच्या म्हाताऱ्या मालकाला औषधातून विष कोणी दिलं, तिचा शेवट त्या पानावर होता. इन्स्पेक्टर सगळ्यांना जेवणघरात बसवतो. म्हणतो, "खुनी या खोलीतच आहे." बोट उचलतो. आणि पुढे भोक! त्या भोकातून मला माझे स्वतःचे गुडघे दिसले. भोकाच्या खाली छापलंय, "सगळे सुन्न झाले. समाप्त." मीही झाले.

माझा संशय पहिल्यापासून कंपाउंडरवर आहे. तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते, हसरा कंपाउंडर मी लांबून ओळखते. पण संशय वेगळा आणि छापील कबुली वेगळी. तुमच्या कवितेच्या मागच्या बाजूला खुनी आहे, हे लक्षात घ्या. तो आता तुमच्या वहीत गोंदाखाली सुखाने झोपला असेल.

निदान ती कविता तरी उतरवून पाठवा. जिच्यापायी खुनी सुटला ती आहे तरी कशी, बघू.

तुमच्या इंजिनियरबद्दल माझं मत जुनंच. बारा प्रकरणं झाली. दुसऱ्याच प्रकरणात त्याने तिला एक फोन केला असता तर एव्हाना पूल बांधून झाला असता.

मुलगी फोनवर म्हणाली की जावईबापूंना सर्दी झाली होती. वाफ घ्यायला सांगा.

तुमची विहीण


२१ जून

विहीणबाईंना शरमिंद्या व्याह्याचा नमस्कार,

गोंद फार पक्का निघाला. खुनी काही हाती लागत नाही. मी म्हणतो, तो भाचा असेल. भाचे वाईट असतात. मी स्वतः एका मामाचा भाचा होतो, म्हणून सांगतो.

कविता अशी आहे:

डोंगरमाथी ऊन कोवळे, खाली गार पाणी,
वाट विचारत झरा निघाला गात आपली गाणी;
दगड म्हणाला, "बैस जरासा", झरा हसून वळला,
सागर कोठे ठाऊक नव्हता, तरी तिकडे पळला.

बघा, आवडते का. मला तर पाचवीचा वर्ग आठवला.

हल्लीच्या मालिका तुम्ही बघता का? परवा संध्याकाळी प्रेमाची एक लावली होती. सात मिनिटं कोणी अक्षर बोललं नाही. नुसतं वाजतंय, वाजतंय. मी सूनबाईला म्हटलं, "टीव्ही बिघडला का गं?" तर म्हणे, "बाबा, ते एकमेकांकडे बघतायत." आमच्या काळीही बघायचे, नाही असं नाही. पण बघता बघता दोन शब्द बोलायचे. पुस्तकाचं बरं असतं. तिथे गप्प बसलेला माणूससुद्धा "तो गप्प बसला" असं सांगून बसतो.

जूनचा अंक सोबत आहे. या वेळी कात्री लावलेली नाही.

तुमचा व्याही


२८ जून

व्याहीबुवा, सप्रेम नमस्कार.

झऱ्याची कविता फार गोड. दोनदा वाचली. खुन्याचं मनाला लावून घेऊ नका. आपलं वय झालं. कोण मेलं, कोणी मारलं, आता काय करायचं आहे आपल्याला!

कपाट आवरताना मलाही एक छोटी छापील कविता सापडली. चतकोर कागद आहे, सोबत जोडते. मला कवितेतलं काही कळत नाही. तुमचं मत सविस्तर कळवा. विशेषतः शेवटचं कडवं.

प्रकृतीची काळजी घ्या.

तुमची विहीण


७ जुलै

विहीणबाईंना आनंदाचा नमस्कार,

तुमच्या पत्रात इतका मवाळपणा मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. एखाद्याला कविता अशी आतून बदलते. आमचे गुरुजी हेच म्हणायचे.

तुम्ही पाठवलेली कविता वाचली. छोट्या छोट्या ओळी, एकीखाली एक, पायऱ्या उतरल्यासारख्या. आजकालच्या कवींना इतका संयम नसतो. शेवटच्या कडव्यापाशी मी थांबलो, कागद छातीशी धरला. कवीने दुःख भोगलेलं आहे, हे ओळीओळीतून कळतं. आणि तरी कुठे आदळआपट नाही! वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे.

टपाल कचेरीतली ती मात्र जूनच्या अंकात रागावली आहे. काय फणकारते! "तुम्हाला पुलाचीच काळजी." असं म्हणून खुर्ची सरकवते, पाणी पिऊन येते आणि मग पुढचं बोलते. फार जिवंत लिहिलंय.

तुमचा व्याही


१५ जुलै

व्याहीबुवा,

कवीने दुःख भोगलेलं नाही, मूळव्याध भोगलेली आहे. मी पाठवला तो मलमाच्या डबीतला कागद. शेवटचं कडवं असं आहे: "दिवसातून दोनदा / हलक्या हाताने / लावावे. / मुलांपासून दूर ठेवावे." तो तुम्ही छातीशी धरलात. पहिल्या पानावर लावलात.

आता इन्स्पेक्टरने बसवल्यासारखं जेवणघरात बसा आणि ऐका.

शेजारच्या मास्तरीणबाई ग्रंथालयातून तोच मे महिन्याचा अंक घेऊन आल्या. पान त्रेचाळीसवर कविताच नाही. अख्ख्या अंकात कविता नाही, मी अनुक्रमणिका पाहिली. तिथे आहे कंपाउंडरचा कबुलीजबाब, चौकटीत, लहान लहान ओळींत. "होय. / बाटली मी बदलली. / मालक मला / माणूस समजत नव्हते." हा तुम्ही गुरुजींच्या आठवणीने वहीत चिकटवलात आणि मला पाचवीत पाठ केलेला झरा पाठवलात. (कंपाउंडरच निघाला. मी बोलले होते.)

दुसरं. नायक खाकरतो, असं कुठेही छापलेलं नाही. तिने खुर्ची सरकवली, पाणी प्यायली, हेही नाही. मे आणि जून, दोन्ही अंक मी ओळ न् ओळ तपासले. खाकरण्याच्या वेळी सर्दी कोणाला होती? आमच्या जावईबापूंना. म्हणजे गोष्ट तुम्ही वाचत नाही. ते दोघं वाचून दाखवतात आणि तुम्ही ऐकता.

तिसरं. मालिकेतली माणसं एकमेकांकडे बघतात, ते तुम्हाला टीव्ही बिघडल्यासारखं वाटलं.

चौथं, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पट्टी न लावता सरळ ओळ मारणारा माणूस तुम्ही. आता तुमच्या ओळी कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे जिना चढल्यासारख्या चढतात.

निदान: मोतीबिंदू. दोन्ही डोळे, डावा जास्त. मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाबांचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय." पाच महिने? चष्मा दुरुस्त करतायत की नवा डोळा घडवतायत?

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही सुरीला घाबरता, हे उघड आहे. घाबरू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे. माझ्या वॉर्डात आजोबा लोक त्यावेळी कीर्तनकारासारखे गप्पा मारायचे.

माझी पत्रं कशी वाचता ते कळवा.

तुमची विहीण


२ ऑगस्ट

व्याहीबुवा,

अंकही नाही, पत्रही नाही. रागावलात की पडलात? एक ओळ लिहा. वाकडी चालेल.

विहीण


१९ ऑगस्ट

विहीणबाई,

नमस्कार. पडलो नाही. रागावलो होतो, पण तो राग आठ दिवसांत उतरला. उरलेले दिवस कसं लिहावं, या विचारात गेले.

तुमची पत्रं मी दुपारी गॅलरीत बसून, भिंगाने, एकेक शब्द टिपून वाचतो. तुमचं अक्षर वॉर्डातलं, काळं आणि ठसठशीत, म्हणून जमतं. छापील मजकूर म्हणजे मुंग्यांची रांग. कविता लांबून तेवढी ओळखू येते, अशी माझी समजूत होती. तीही तुम्ही मलम लावून घालवलीत.

सगळं बरोबर ओळखलंत, दोन गोष्टी सोडून.

सुरीला मी भीत नाही. चाळीस वर्षं शिडीवर उभा राहून तिसऱ्या मजल्यावर पाट्या रंगवल्या आहेत.

आणि ते खाकरणं सर्दीचं नव्हतं.

आता नीट सांगतो. माझा मुलगा तुम्ही पाहिला आहे. त्याची आई गेल्यापासून तो घरात दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलतो. त्यातले चार "किल्ली कुठे ठेवली" हे असतात. लग्न झाल्यावर वाटलं, आता बोलेल. पण तो कारखान्यातून येतो साडेसहाला, सूनबाई बँकेतून येते सातला. मग एक या खोलीत फोन घेऊन, एक त्या खोलीत. भांडण नाही, काही नाही. नुसती दोन दारं लोटलेली. मी मधल्या खोलीत. तुमच्या मुलीच्या घरचं गाऱ्हाणं तुमच्याकडे कोणत्या तोंडाने करू? म्हणून तीन वर्षं "खुशाल" लिहीत आलो.

मार्चमध्ये मासिक आलं आणि मला वाचता येईना. चष्मा दुरुस्तीला टाकलाय, असं सांगून टाकलं. सूनबाई म्हणाली, "मी वाचते ना, बाबा." दोन पानं वाचली आणि मग आतल्या खोलीकडे बघून ओरडली, "अहो, जरा बाहेर या. हा इंजिनियर माझ्याच्याने होत नाही. माझ्या आवाजात तो टपालवालीची मावशी वाटतो." तो आला. खुर्ची घेतली. बसला.

तेव्हापासून रोज साडेसात ते आठ. अंक संपला की जुने अंक काढतात. सगळ्या नायकांचं काम त्याच्याकडे, सगळ्या नायिका तिच्याकडे, भांडखोर आत्या आळीपाळीने. विहीणबाई, "तुमच्याशिवाय मला करमत नाही" हे वाक्य बापासमोर, स्वतःच्या बायकोकडे बघून म्हणायचं, तर माणूस खाकरणारच! तीनदा खाकरला बिचारा. मग म्हणाला. मी डोळे मिटून पडून होतो. वाचन संपल्यावर ते दोघं तिथेच बसून राहिले, पुलाचं गणित चुकलंय की नाही यावर वाद घालत. पाऊण तास! मी मोजला.

आता सांगा. डोळे आले की मासिक माझ्या हातात देतील आणि आपापल्या खोलीत जातील. "बाबांना दिसतंय आता" म्हणतील, आनंदाने म्हणतील. मग ती दोन दारं पुन्हा लोटली जातील. मला मुंग्यांची रांग चालेल. ते आवाज जायला नकोत.

हे कोणाला सांगू नका. सांगितलंत तर तुमचा पुढचा खुनीही मी वहीत चिकटवीन.

तुमचा व्याही


२५ ऑगस्ट

व्याहीबुवा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग चहा केला, मग परत वाचलं. चहा गार झाला.

गुन्ह्याचा हेतू मी चुकीचा धरला, हे कबूल. आणि मुलीच्या आईला फोनवर तीन वर्षं "सगळं छान" एवढंच ऐकू येतं आणि तिला ते खरं वाटतं, ही माझ्यासारखीला शरमेचीच गोष्ट आहे. तिच्या आवाजातला बदल मी ओळखायला हवा होता. मार्चपासून ती फोनवर हसते. मला वाटलं, बँकेत बढती मिळाली.

तरी सिस्टर म्हणून सांगते, ऐका. मोतीबिंदू फार पिकू देणं बरं नाही. पुढे जड जातं. आज गॅलरीत भिंग चालतं, उद्या जिन्याची पायरी चुकेल. कंबर मोडून पलंगावर पडलात की ती दोघं तुमची औषधं वाचतील, गोष्टी नाही वाचणार.

आता सिस्टर बाजूला ठेवते. तुम्ही मला सगळं सांगितलंत, पण सगळं ऐकलेलं. ती पाणी पिऊन आली, तो खाकरला, खुर्ची सरकली. तो तिच्याकडे बघून म्हणाला, असं लिहिलंत. तुम्हाला काय माहीत? तुम्ही डोळे मिटून होतात, आणि उघडे असते तरी धुकं होतं. बघत होता की नाही, हे तुम्ही मनाने ठरवलंत. मालिकेतली माणसं सात मिनिटं नुसती बघत बसतात म्हणून मीही नावं ठेवते, पण हे दृश्य सात मिनिटं मला कोणी दाखवलं असतं तर मी पुढच्या रांगेत जाऊन बसले असते. तुमच्या घरात रोज साडेसातला ते फुकट चालू आहे आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलाय.

पुढच्या गुरुवारी मी येते. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. घरी सांगताना मी चष्म्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा. अक्षरशः.

तुमची विहीण


१२ ऑक्टोबर

विहीणबाईंना सरळ ओळीत नमस्कार,

ही ओळ पट्टी न लावता मारली आहे. तपासून घ्या.

तुम्ही पंधरा दिवस राहून गेलात, घर अजून औषधाच्या वेळा चुकवायला घाबरतं. आता डावा डोळाही उघडला. नवा चष्मा आला. काय काय दिसायला लागलं! भिंतीला रंग लावायला झालाय. चहा म्हणून मी इतके दिवस पाणीच पीत होतो. आणि मी फार म्हातारा झालोय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता मुख्य. परवा साडेसातला मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांत एकच अंक. तिचं बोट ओळीखालून सरकत असतं, त्याची पाळी आली की ती बोट उचलून त्याच्या मनगटावर एकदा टेकवते. मग तो वाचतो. आधी त्याचे कान लाल होतात, मग आवाज येतो. हे कान त्याच्या आईचे. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. बघतो की नाही, विचारत होतात. बघतो. आधी वाक्य पाठ करून घेतो, म्हणजे बघायला डोळे मोकळे राहतात.

एक गंमत सांगतो, तुमच्या खात्यातली आहे. काल दुपारी घरात कोणी नसताना मी तेच प्रकरण स्वतः वाचलं. इंजिनियर उशिरा पोचतो तिथे छापलंय, "तो गप्प उभा राहिला." बस्स. पण चिरंजीवांनी परवा वाचलं होतं, "उशीर झाला, पण आलो ना." आणि सूनबाईने उत्तर वाचलं होतं, "आलात, हेच खूप." एकही शब्द छापील नाही, विहीणबाई! दोन्ही वाक्यं त्यांनी घरची घातली. म्हणजे खाकरण्यापासून पुढे अर्धी प्रेमकथा या घरातच लिहिली जाते आहे. खरी गोष्ट मात्र अगदीच सुमार निघाली. तो पूलही पडणार आहे बहुतेक.

आता माझी एक विनंती. दोघांना मी सांगितलंय की डॉक्टरांनी तीन महिने बारीक अक्षर वाचायला मनाई केली आहे. तुम्हाला विचारलं तर होकार द्या. खोटं बोला असं म्हणत नाही, नुसतं "डॉक्टरांनी सांगितलं असेल" म्हणा.

तुमचा व्याही


२० ऑक्टोबर

व्याहीबुवा,

ओळ तपासली. सरळ आहे. शाबास.

मी खोटं सर्टिफिकेट देत नाही, हे माहीत असूनही तुम्ही विनंती केलीत. तरी काल मुलीने फोनवर विचारलं, "आई, बाबांना खरंच तीन महिने वाचायची बंदी आहे?" आणि मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं असेल." तीस वर्षांची नोकरी मातीत गेली.

ती हसली. म्हणाली, "आई, बाबा हल्ली मी वाक्य म्हणायच्या आधीच हसतात. दुपारी वाचून ठेवतात. आणि जे वाक्य पानावर नाही ते आलं की दचकून आमच्याकडे बघतात. यांच्याही लक्षात आलंय."

मुलगी माझी आहे, हे तुम्ही विसरलात. गुन्हा करायचा तर हसण्याची वेळ सांभाळायला नको?

मी घाबरत विचारलं, "मग आता? त्यांना वाचता येतं म्हटल्यावर तुमचं साडेसातचं बंद?"

तर म्हणाली, "बंद कशाला? नवीन गोष्टीत तिघं आहेत. एक तो, एक ती, आणि एक दुष्ट काका. काका आम्हा दोघांनाही जमत नाही. येत्या रविवारपासून ते काम बाबांना देतोय. त्यांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर आधीच पाठ करून ठेवतील."

तेव्हा मी काही कळवलेलं नाही, असं समजा. घसा सांभाळा. गरम पाण्याच्या गुळण्या, दिवसातून दोनदा.

तुमची विहीण